काही नाही, बोलतायत नुसते

बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत ती एकतीस वर्षं बसली. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, किती उशिरा, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर असायचं. निवृत्तीच्या दिवशी आगारप्रमुख भाषणात म्हणाले, "बाईंनी एवढ्या वर्षांत एकाही प्रवाशाला चुकीची माहिती दिली नाही." टाळ्या झाल्या. तिने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, बाई लाजल्या.

घरात तिचं नाव रेडिओ. वडिलांनी ठेवलेलं. ती एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून. वडील कामावरून दमून आले की म्हणायचे, "अरे, तो रेडिओ जरा बारीक करा कुणीतरी." बारीक करायचं काम थोरलीचं. थोरली म्हणजे ताई, तीन वर्षांनी मोठी. ती धाकटीला घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसायची आणि तिची सगळी बडबड हूं हूं करत ऐकून घ्यायची.

ताई अकरा वर्षांची असताना तिला ताप आला. सतरा दिवस अंग नुसतं भाजत होतं. अठराव्या दिवशी ताप उतरला, ताई उशीला टेकून उठून बसली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "सगळे गप्प का?"

कुणीच गप्प नव्हतं. आई तर मोठ्याने रडत होती.

डॉक्टरांनी हात टेकले. कान गेले ते गेले. ताईला बोलता येत होतं, लिहिता-वाचता येत होतं, आणि हळूहळू ती ओठ वाचायला शिकली. पण वडिलांच्या ओठांवर मिशा होत्या आणि आईला बोलताना तोंड फिरवायची सवय. नीट वाचता यायचे ते एकट्या धाकटीचे ओठ. छापील अक्षरांसारखे, ताई म्हणायची. त्यामुळे घरात एक नवीन वाक्य रुळलं: "ताईला सांग." जेवायला ये म्हणून ताईला सांग. मामा येणार आहे, ताईला सांग. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडातून ताईचं सगळं जग आत-बाहेर करायला लागलं.

पुढे घरात टीव्ही आला आणि त्याच्यामागोमाग 'सात खोल्या' आली.

'सात खोल्या' ही मालिका दर रविवारी संध्याकाळी सहाला लागायची. एका विधवा मालकीणबाईचं मोठं घर, त्यात भाड्याने राहणारी सात बिऱ्हाडं. कुणी निवृत्त जेलर, कुणी टायपिस्ट मुलगी, कुणी गाणं शिकवणारा. पाच नंबरच्या खोलीत एक घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून बसलेला. सहा वर्षं चालली ती. सहाच्या ठोक्याला रस्ता ओस पडायचा. धाकटी एका बुटक्या स्टुलावर बसायची, एक डोळा पडद्यावर, तोंड ताईकडे. पात्र बोललं की ती बोलायची, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. आवाज काढला तर वडील ओरडत. तासाभराने तिची मान अवघडून जायची.

पहिली दोन-तीन वर्षं तिने इमानेइतबारे सांगितलं. मग ती मोठी व्हायला लागली. स्वतःला बघायचं असताना दुसऱ्याला सांगत बसायचा कंटाळा यायला लागला. पडद्यावर दोघं जण पाच-पाच मिनिटं बोलायचे, ताई तिच्या गुडघ्याला हात लावून विचारायची, "काय म्हणतायत?" आणि धाकटी पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "काही नाही, बोलतायत नुसते."

कधी कधी मात्र लहर आली की ती पदरचं घालायची. घड्याळजी तिला फार रटाळ वाटायचा, म्हणून तिने त्याच्या तोंडी विनोद घातले. एकदा तो दारात उभा राहून मालकीणबाईंना काहीतरी म्हणाला, आणि धाकटीने सांगितलं, "तो म्हणतोय, या घरात घड्याळं पंचवीस आणि वेळ कुणालाच नाही." ताई इतकी हसली, इतकी हसली, की वडिलांनी वळून बघितलं. तेव्हापासून घड्याळजी ताईचा लाडका. कुणी घाईत असलं की ताई ते वाक्य म्हणायची. ती म्हातारी होत आली तरी म्हणायची.

ताई सतराव्या वर्षी एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. घडी घातलेल्या छापील कागदांचे फर्मे शिवणं, खळ लावणं, पुठ्ठ्यावर कापड चढवणं. यंत्रांच्या खडखडाटात बाकीच्यांचं डोकं उठायचं, ताईचं नाही. मालक म्हणायचे, माझ्याकडे सगळ्यात शांत डोक्याची कारागीर हीच. पुढे कारखाना बंद झाला तेव्हा ताईने शिवणीची चौकट आणि दाबयंत्र विकत घेतलं आणि घरातच काम सुरू केलं. तिने लग्न केलं नाही. म्हणजे, तसं सगळे म्हणायचे, की तिने केलं नाही. धाकटीचं झालं, एक मुलगी झाली, तीही मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. आई-वडील गेले. मग धाकटीचा नवरा गेला, आणि निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्या दोन बॅगा घेऊन ताईच्या घरी राहायला आली. एक एकसष्ट वर्षांची, दुसरी चौसष्ट.

धाकटीची मुलगी सुट्टीत आली ती भलामोठा टीव्ही घेऊनच. भिंतीवर लावला, वाहिन्या फिरवल्या. त्यात एक निघाली जुन्या मालिकांची. आणि जाहिरात काय, तर सोमवारपासून रोज दुपारी तीन वाजता 'सात खोल्या', रोज दोन भाग, पहिल्यापासून. दोघी बहिणी लहान मुलींसारख्या ओरडल्या.

"थांबा, अजून एक गंमत," मुलगी म्हणाली. तिने रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं आणि पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटायला लागली. जो जे बोलेल ते खाली लिहून येत होतं. "बघ मावशी, आता आईची गरजच नाही तुला!"

ताईने टाळ्या वाजवल्या. धाकटीही हसली.

सोमवारी तीन वाजता दोघी चहा घेऊन बसल्या. तीच सुरुवातीची चित्रं, तोच जिना, तीच मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन. ताईचे डोळे चित्रावरून अक्षरांवर आणि अक्षरांवरून चित्रावर धावत होते. पहिला महिनाभर नुसती मजा होती. जेलरच्या विजारी किती उंच, टायपिस्टचे केस किती मोठे. सेट पुठ्ठ्याचे आहेत हे आता उघड दिसत होतं. एका दृश्यात दार लावलं तर अख्खी भिंत हलली, आणि दोघींना हसून ठसका लागला.

मग एके दुपारी घड्याळजी दारात येऊन उभा राहिला. ताईने धाकटीच्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ हां, आता म्हणेल!"

घड्याळजी बोलला. खाली अक्षरं आली: 'दार लावून घ्या. वारा येतोय.'

ताई बघत राहिली. दृश्य संपलं, जाहिराती लागल्या. मग ती धाकटीकडे वळली. "घड्याळं पंचवीस कुठे गेली?"

धाकटीने कप खाली ठेवला. "ते... ते मीच घातलं होतं ग. लहान होते."

ताई खो खो हसायला लागली. "मेले! आयुष्यभर मी त्या माणसाचं कौतुक करतेय! तुझा घड्याळजी बरा होता ग याच्यापेक्षा. हा नुसता खोकतो."

तिथे धाकटीला वाटलं, सुटले. पण ताई त्यानंतर वेगळी बघायला लागली. चित्राकडे कमी, अक्षरांकडे जास्त. जेलर आणि त्याचा मुलगा जिन्यावर बसून बोलतात तो प्रसंग आला. मुलगा वडिलांना विचारतो, तुम्ही मला कधी जवळ का घेतलं नाही? सात-आठ मिनिटांचं बोलणं. खाली ओळीमागून ओळी येत होत्या. ताईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे मला आठवतंय," ती म्हणाली. "ते दोघं जिन्यावर बसलेले. मी विचारलं होतं, काय म्हणतायत. तू म्हणालीस, काही नाही, बोलतायत नुसते."

तिच्या आवाजात राग नव्हता. ताईचा आवाज तसाही सपाट, चढ-उतार नसलेला. त्यामुळे धाकटीला कळेना, हे गमतीने म्हटलंय की कसं. ती म्हणाली, "कंटाळा आला असेल ग. पोर होते मी."

"हो," ताई म्हणाली. "मीही पोरच होते."

असे प्रसंग रोज यायला लागले. ताई नुसती वाचायची. आणि धाकटी कॅलेंडरकडे बघायची. कारण मालिका पुढे सरकत होती आणि शेवटचा भाग जवळ येत होता. त्या दोघींनी शेवटचा भाग कधी बघितलाच नव्हता. त्या रविवारी घरी पाहुणा आला होता.

पाहुणा म्हणजे आखणीवाला. कोऱ्या कागदाला रेघा आखून द्यायचं त्याचं काम. लांबलचक यंत्रावरून कागद सरकायचे आणि शाईत भिजलेल्या टोकांच्या रांगेखालून निळ्या-तांबड्या रेघा घेऊन बाहेर पडायचे. दर मंगळवारी तो ताईच्या कारखान्यात आखलेल्या कागदाचे गठ्ठे घेऊन यायचा. ताई तेव्हा वीस वर्षांची, तो असेल पंचविशीचा. ताई घरी येऊन त्याच्याबद्दल सांगायची. तो तिच्याशी बोलताना ओरडत नाही. बाकीचे सगळे बहिरी म्हटली की ओरडतात, हा समोर उभा राहतो आणि हळू बोलतो. कळलं नाही तर रद्दी कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून दाखवतो. 'आज निळी शाई पातळ झाली, मालकांना सांगू नका.' असलं काहीतरी. ताईने त्या कागदांच्या कडा कापून एका पाकिटात ठेवल्या होत्या. धाकटीने ते पाकीट बघितलं होतं.

त्या रविवारी, सहाला दहा मिनिटं असताना तो आला. धुतलेला शर्ट, हातात काही नाही. वडिलांसमोर खुर्चीच्या कडेवर बसला. आईने टीव्ही बंद केला आणि ताईला स्वयंपाकघरात पाठवलं. ताई दाराच्या चौकटीत उभी राहिली, पण तिथून तिला त्याची पाठच दिसत होती.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. मला तुमच्या थोरल्या मुलीशी लग्न करायचंय, म्हणाला. वडील जमिनीकडे बघत राहिले. बोलली ती आईच. मूल रडलेलं तिला ऐकू येणार नाही, दूध उतू गेलेलं कळणार नाही. तुम्ही आज म्हणताय, उद्या तुम्हालाच जड होईल, आणि मग ती परत येईल ती मोडूनच येईल. तो म्हणाला, मूल रडलं तर मी उठेन. आईला ते पटलं नाही, की पटलं आणि म्हणूनच घाबरली, कोण जाणे. शेवटी ती म्हणाली, "हे बघा, तिचं तिलाच नको आहे. आम्ही विचारलंय तिला."

कुणी विचारलं नव्हतं.

तो उठला. आईने धाकटीला डोळ्यांनी खुणावलं, फाटकापर्यंत जा म्हणून. फाटकाशी तो थांबला. "तुम्हीच ना ती, तिला सगळं सांगणारी? एकच विचारतो. हे तिचंच म्हणणं आहे?"

सतरा वर्षांची धाकटी म्हणाली, "हो. ताईच नको म्हणाली."

"अस्सं." तो थोडा वेळ फाटकाची कडी हातात धरून उभा राहिला. "मग मी कशाला आलो होतो ते तिला सांगू नका. कारखान्यात उगाच अवघडल्यासारखं होईल तिला."

ती आत आली. ताई वाट बघत होती. "काय म्हणाला?"

"काही नाही. कागदाचं काहीतरी बोलत होते."

एवढंच. दोन वाक्यं, एक बाहेर आणि एक आत. पुढच्या मंगळवारी कागद दुसराच माणूस घेऊन आला. आखणीवाला आपल्या मामाच्या गावी गेला आणि तिथेच त्याने स्वतःचं यंत्र टाकलं, असं कारखान्याच्या मालकांकडून कळलं. ताई कितीतरी मंगळवारी दाराकडे बघायची. मग बघेनाशी झाली. ते पाकीटही दिसेनासं झालं. राहिला मालिकेचा शेवट. मैत्रिणीकडून ऐकला असं म्हणत धाकटीने तो आपल्या मनानेच रचून सांगितला. सगळ्यांचं गोड झालं, टायपिस्ट मुलीचं लग्न लागलं, जेलरसुद्धा नाचला.

आईच्या धाकाने बोलले, असं धाकटी स्वतःला कैक वर्षं सांगत आली. पण ते अर्धंच खरं होतं. खरं होतं ते असं, की ताईचं जग आपल्या तोंडातून जातं याची तिला सवय झाली होती. आपल्यावाचून तिचं पान हलत नाही, याचा कंटाळाही होता आणि मिजासही होती. आणि एक परका माणूस सरळ ताईसमोर उभा राहून, हळू बोलून, तिच्याशी थेट बोलू शकतो, हे तिला सहन झालं नाही. सतराव्या वर्षी तिला हे कळत नव्हतं. पस्तिसाव्या वर्षी कळलं. तेव्हा ती चौकशीच्या खिडकीत होती आणि त्या मामाच्या गावाला जाणारी गाडी रोज सकाळी ध्वनिक्षेपकावरून स्वतः पुकारत होती.

शेवटचा भाग एका गुरुवारी लागला. मालकीणबाई घर विकतात. बिऱ्हाडं एकेक करून सामान उचलतात. टायपिस्ट मुलीचं लग्न होत नाही. ती गाणं शिकवणाऱ्याची वाट बघत जिन्यावर बसते, आणि त्याची चिठ्ठी जेलरच्या खिशातच राहून गेलेली असते. कुणी नाचत नाही.

पडदा काळा झाला. ताईने रिमोट उचलून टीव्ही बंद केला, वळून बसली आणि धाकटीच्या तोंडाकडे बघायला लागली.

"त्या दिवशी आखणीवाला आला होता," ती म्हणाली. "काय म्हणाला होता ग तो?"

चव्वेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न. धाकटीला वाटलं, अजूनही सांगता येईल काहीतरी. आई गेली, वडील गेले, कोण येतंय तपासायला? पण ताई ओठांकडे बघत होती. त्या ओठांवर तिने जेवढा भरवसा टाकला तेवढा कुणी कुणाच्या शपथेवर टाकत नाही.

धाकटीने सांगितलं. सगळं. मूल रडलं तर मी उठेन, तेही. फाटकावरचंही. सांगताना ती रडत होती आणि रडण्याने ओठ वेडेवाकडे होत होते. ताई दोनदा म्हणाली, "नीट बोल. कळत नाहीये." तेव्हा तिला डोळे पुसून, श्वास घेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

ताईने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "आई घाबरट होती. तिचं मी समजू शकते. आई जाऊनही आता वीस वर्षं झाली. तू तर इथेच होतीस."

आणि तिने डोळे मिटून घेतले. कुणाचं ऐकायचं नसलं की ताईला कानावर हात ठेवावे लागत नसत, ती डोळे मिटायची. नंतर उठून ती कामाच्या खोलीत गेली.

नऊ दिवस ताईने तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. ताटं वाढली, कपडे वाळत घातले, औषधाची बाटली पुढे सरकवली, सगळं केलं, पण नजर खांद्याच्या वर आणली नाही. रेडिओची बोलती बंद झाली. धाकटी ताईच्या पाठीशी बोलायची, खळीच्या भांड्याशी बोलायची. एकदा तिने कागदावर 'मला माफ कर' असं लिहून शिवणीच्या चौकटीवर ठेवलं. ताईने तो कागद उलटा करून त्यावर एका पुस्तकाचं माप टिपून ठेवलं.

दहाव्या दिवशी ताई नाश्त्याच्या टेबलाशी आली आणि पहिल्यांदा वर बघितलं. "त्या गावची पहिली गाडी किती वाजता?"

"सहा चाळीस," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "फलाट चार."

"उद्या जाऊ."

तीन तासांचा प्रवास होता. ताई खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. गावात उतरून विचारत विचारत गेल्या. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. आता तिथे झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालायचं. काउंटरवर चाळिशीची एक बाई. आखणीवाल्याचं नाव काढताच ती म्हणाली, "बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांची मुलगी. काय काम होतं?"

ताईला तिचे ओठ कळले. तिचा चेहरा जराही हलला नाही. "मी बांधणी करते पुस्तकांची," ती म्हणाली. "त्यांनी आखलेला कागद मी शिवलाय. यंत्र आहे का अजून?"

मुलीला बरं वाटलं. तिने दोघींना आत नेलं. मागच्या खोलीत चादरीखाली यंत्र होतं. दोऱ्या कुजलेल्या, टोकं गंजलेली, पण एका बाजूला निळा डाग अजून होता. ताईने त्या डागावर बोट ठेवलं. मुलगी चादरीची घडी घालत, पाठमोरी होऊन काहीतरी बोलत होती. ताईने धाकटीच्या कोपराला हात लावला. "काय म्हणाली?"

मुलगी म्हणत होती की बाबांचं आईशी फार छान जमायचं, तिला फुलासारखं जपलं त्यांनी. धाकटीच्या मनात एक क्षण आलं, हे गाळावं. मग तिने ताईकडे तोंड केलं आणि शब्द न शब्द सांगितला.

ताईने मान डोलावली. मग मुलीला विचारलं, "तापट होते का?"

"छे हो!" मुलगी आता समोर वळून हसत होती. "एकच खोड होती त्यांना. घोरणं! असं घोरायचे, असं घोरायचे, की आई बिचारी शेवटी पलीकडच्या खोलीत झोपायला लागली. शेजारी तक्रार करायचे. आम्ही म्हणायचो, बाबा, तुमच्या शेजारी बहिरं माणूसच झोपू शकेल!"

म्हणाली, आणि लगेच ताईकडे बघून कानकोंडी झाली. इतक्या वेळात तिला कळलंच होतं. "अहो, माफ करा, मी सहज..."

पण ताई हसत होती. मोठ्याने, अख्खं दुकान वळून बघेल अशी, घड्याळजीला हसायची तशी. मुलगीही हसली. चहा झाला. निघताना ताईने तिचा हात हातात घेतला आणि थोपटला.

बाहेर आल्यावर दोघी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर ताई अचानक बसली.

"मला चाललं असतं," ती म्हणाली.

धाकटीला आधी कळलं नाही.

"त्याचं घोरणं. मला चाललं असतं ग." आणि मग ती रडली. आपलं रडणं तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते लपवायचं तिला सुचलं नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. धाकटी शेजारी उभी राहिली. हात लावायची तिची हिंमत झाली नाही.

परतल्यावर चार दिवसांनी ताई म्हणाली, "तू थोडे दिवस लेकीकडे जा." धाकटीने का म्हणून विचारलं नाही. बॅगा भरल्या आणि गेली.

लेकीच्या घरी तिला सगळं सुख होतं. दर रविवारी ती ताईला व्हिडिओवर फोन लावायची. ताई उचलायची. कुठलं पुस्तक आलंय, कापड कसं हलकं निघालं, गुडघा कसा आहे, एवढं सांगायची. धाकटी फोन तोंडाजवळ धरून, हळू आणि नीट बोलायची. कधी ताई मध्येच म्हणायची, "पुरे," आणि पडदा बंद व्हायचा. मुलीने एकदा विचारलं, "आई, मावशीचं आणि तुझं काय बिनसलंय?" धाकटीने तिला सगळं सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. आईची बाजू घेईल असं धाकटीला वाटलं होतं, पण ती म्हणाली, "कळल्यावरही मावशीने तुला इतके दिवस घरात ठेवून घेतलं हेच खूप झालं." आणि मग उठून तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला.

दोन महिने झाले, अडीच झाले. एके सकाळी ताईचा मेसेज आला. 'शाळेची तीनशे पुस्तकं आली आहेत. खळ ढवळायला माणूस नाही.'

माफ केलं, असं त्यात कुठे नव्हतं. धाकटीने तो चार वेळा वाचला, नसलेलं काही सापडतंय का ते बघितलं, आणि दुपारच्या गाडीचं तिकीट काढलं.

संध्याकाळी तिने दारावरचं बटण दाबलं. घरात त्याने दिवा लागायचा. ताईने दार उघडलं. हाताला कोपरापर्यंत खळ लागलेली. तिने बॅगांकडे बघितलं, मग धाकटीच्या चपलांकडे.

"आत ठेव," ती म्हणाली. "आणि आधी हात धू. कापड पांढरं आहे."